मिनिटाला दोन शतांश

परदेशी कंट्रोलर मेला तेव्हा
त्याच्या काचेवर एकच आकडा गोठला: ४१.७
कंपनीचा माणूस आला, बूट न काढता
आत डोकावला, आणि दुरुस्तीऐवजी
नव्याचं कोटेशन ठेवून गेला.
तेवढ्यात मी धायरीत दीड खोल्या घेतल्या होत्या.
केळुस्कर सरांनी कागद दुमडून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.
टेबल सरळ झालं.

मग शबनम मुलाणी, एम.टेक.चं दुसरं वर्ष,
तापकीर गल्लीतून पिशवी भरून आली:
तळहाताएवढा बोर्ड, मोटर, लोडसेल,
जुन्या बाजारातला लेथचा गिअर.
नऊ हजार चारशे, पावत्या मोबाईलच्या कव्हरमध्ये.
"मामा, याचा नकाशा कुणीतरी सगळ्यांसाठी फुकट ठेवलाय."
फुकट म्हटलं की मी आधी खोट शोधतो.
तीन सापडल्या.
एक तिने काढली, एक मी.
तिसरी अजून आहे,
तिला आम्ही नुसती नावं ठेवतो.

सव्वीस वर्षं मी डायल वाचला.
दर पंधरा सेकंदांनी, मोठ्याने,
पोरं लिहून घ्यायची:
त्रेचाळीस. साडेत्रेचाळीस. चव्वेचाळीस.
मुलीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या मधे
माझे ओठ आकडे पुटपुटत होते, व्हिडिओत दिसतं.
माती तुटायच्या आधी जरा गप्प होते.
पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही.
काटा रेंगाळतो,
भाव ऐकून गिऱ्हाईक पिशवीतच हात ठेवून उभं राहतं
तसा.

शबनमला सांगितलं. ती हसली नाही.
प्रोग्राममध्ये एक ओळ घातली:
चढ असा मंदावला की वेग अर्धा कर.
आणि शेजारी, मराठीत, टीप:
मामा म्हणतात, इथे थांबायचं.

पहिली खरी माती वारज्यामागच्या टेकडीची.
जेसीबीने पोट कापलेलं, वर सहा मजले उठणार,
खाली पत्र्याची एकवीस घरं.
भिंत किती जाड बांधू, एवढाच प्रश्न.
अडतीस मिलिमीटरचा दंडगोल,
अंगावर रबराचं कातडं, भोवती पाणी.
सकाळी सातला सुरू केलं.
मिनिटाला दोन शतांश मिलिमीटर.
गोगलगायसुद्धा शेजारून टाटा करून गेली असती.

वार गुरुवार. दहाला वीज गेली.
गुरुवारी वीज जाते हे पुण्यात मांजरालाही ठाऊक,
म्हणून शबनमने आधीच बॅटरी जोडली होती,
माझ्या स्कूटरची.
मी घरी कसा जाणार, ते टेस्टमध्ये नव्हतं.
पंखे थांबले. मोटरीची कुरकुर तेवढी उरली.
आकडे आपोआप उमटत होते,
तरी माझे ओठ हलत होते.
अकरा वाजून सहा मिनिटांनी माती गप्प झाली.
आधी मला कळलं की मोटरीला,
यावर आमचा अजून वाद आहे.
वेग अर्धा झाला.
मग काचेच्या आत, तिरकी,
नखाने ओढावी तशी एक रेघ.

माती बिल्डरच्या कागदापेक्षा नरम निघाली.
त्याचा इंजिनिअर म्हणाला,
घरी जोडलेल्या यंत्राचा आकडा कोण मानणार?
सरांनी नकाशा, प्रोग्राम, चुकांची वही
सगळं त्याच्यापुढे सरकवलं:
घ्या, उघडून बघा.
त्या मेलेल्या डब्यावर सील होतं.
उघडलं असतं तर वॉरंटी गेली असती.
भिंतीचं अजून ठरायचंय.

परवा ऐझॉलच्या पॉलिटेक्निकमधून फोन आला.
आमच्याच नकाशावरून त्यांनी यंत्र बांधलं.
आधी प्रेशरचं विचारलं, मग हळूच:
हे मामा कोण?
त्यांनी ती ओळ पुसली नाही.
तिच्याखाली आपली एक घातली:
लालरिना म्हणतात, आमच्या मातीला जरा आधी.

तिसरी खोटही गेली असणार तिकडे.
ठेवत असतील तिला नावं,
त्यांच्या भाषेत.