थंड असताना मोजायचं

हर्णै बंदरावरून वर येणाऱ्या चढावर माझं दुकान,
मोटार रिवाइंडिंग, पंप, डायनॅमो.
वार्निशचा वास अंगातून जात नाही.
बायको म्हणते, बरंय, अंधारात हुडकायला सोपा.

अश्फाक बुरोंडकर आला संध्याकाळच्या लिलावाआधी.
नऊ महिने जहाजावर, दोन महिने घरी.
खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं
आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.
"बंदी आहे ना रे यावर आपल्याकडे?"
"आहे. तू फक्त तार बघ."

बिडी सोडायला घेतलं म्हणतो.
बाप गेला ती बिडी.
आता याची वाफही कडू लागते,
आकडा दोनशे दहावर ठेवलाय, तरी कापूस करपतो.

भिंग लावलं. सहा वेढे,
मधून कापूस, समईतल्या शिळ्या वातीसारखा.
मी जन्मभर तांबं गुंडाळलं,
बर्फ कारखान्याच्या मोटारीत ते किलोने जातं.
ही वीतभर. पण तार ती तार.
तापली की अडते,
आणि किती अडते त्यावरून
आत किती जाळ आहे ते कळतं, हात न लावता.

सगळ्या तारा सांगत नाहीत.
शेगडीतली लालबुंद होते तरी आकडा जागचा हलत नाही.
निकेल भडाभडा बोलतं,
टायटॅनियम त्याच्या निम्म्याने,
स्टीलला कान द्यावा लागतो.

"कुठली घातलीस?"
"निकेल. सिंगापूरच्या दुकानदाराने दिली."
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेजवळ नेलं.
ढिम्म.
निकेल असती तर धावत आली असती.
उरलेला तुकडा ग्राइंडरला लावला,
ठिणग्या पिवळ्या. टायटॅनियम पांढरं फेकतं.
स्टील आहे बाबा, तुझ्या जहाजावरच्या भांड्यांचं.
यंत्र निकेलच्या हिशोबाने ऐकतंय,
स्टील कुजबुजतंय,
त्याला वाटतं अजून गारच आहे,
आणखी जाळ घालतं.

मेनूत शिरून स्टील निवडलं.
तरी करपलं. थोडं कमी.

"नवी तार घातल्यावर पायाचा आकडा कधी धरलास?"
"लगेच. दोनदा ओढून बघितलं, मग."
म्हणजे गरम असताना.
गरम तारेला गार मानून बसलास,
पुढची सगळी बेरीज तेवढ्याने खोटी.

आज काही करू नको. ठेवून जा.
रात्रभर निजू दे डब्यांशेजारी.

तो गेला नाही.
स्टुलावर बसून सांगू लागला, विचारलं नव्हतं मी,
की आल्या दिवशीच मुनाफशी वाजलं,
होडीच्या हिश्श्यावरून, अंगणातच.
"बॅग खांद्यावरच होती अजून."
मी ब्रशचे केस साफ करत राहिलो.
खाली लिलाव सुरू झाला होता,
कुणीतरी सुरमईला सोन्याच्या भावाने पुकारत होतं.

सकाळी भरती ओसरलेली,
बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी भरत होत्या.
मीटर लावला.
शून्य पूर्णांक एकतीस.
काल त्याने पस्तीस धरलं होतं.
एकतीसवर कुलूप घातलं, नवा कापूस, दोनशे दहा.
ओढलं त्याने. थांबला. परत ओढलं.
वास आला तो फक्त माझ्या वार्निशचा.

पैसे घेतले नाहीत,
पावतीच्या मागे लिहून दिलं: स्टील, ०.३१.
"पुढच्या वेळी तार बदलली तर?"
"थांबायचं."
"किती?"
"खोलीत आहे तेवढाच गारवा
तारेत येईपर्यंत."

कागद घडी करून त्याने यंत्राभोवती गुंडाळला
आणि चढ उतरून गेला.
बुरोंडीची एस्टी वरच्या नाक्यावर थांबते.
तो खाली गेला, जिथे होड्या लागत होत्या.