घमेल्यातलं पाणी

कावळा नाक्यावर अब्बांचं दुकान:
एक पत्रा, एक कॉम्प्रेसर, एक घमेलं.
घमेल्यातलं पाणी इतकं काळं
की आभाळसुद्धा त्यात टायरच्या रंगाचं दिसायचं.
ट्यूब बुडवायची, हळूहळू फिरवायची
आणि थांबायचं.
"बुडबुडं आलं की समजायचं,
हितं भोक हाय."
मी सात वर्षांची.
अब्बांच्या आधी भोक सापडलं
तर एक लिमलेटची गोळी.

आता माळावरच्या विद्यापीठात,
पडदे ओढलेल्या खोलीत
मी पुन्हा पाण्याकडे बघत बसते.
खताच्या दुकानातून आणलेला युरिया
झाकणाच्या मुशीत भाजला, साडेपाचशे अंशांवर, चार तास.
व्हरांडाभर गोठ्याचा वास.
घोरपडे मॅडम नाकाला पदर लावून विचारून गेल्या,
काय मेलंय इथं?
मुशीच्या तळाशी उरली चिमूटभर पिवळी भुकटी,
बेसनाहून फिकी, फुंकरीनं उडेल अशी.
तिला प्लॅटिनमचा ठिपका,
गुजरीतला सराफ हसेल एवढा.
मग पाणी. मग दिवा.
मग वाट.

उजेड पडला की भुकटीतला एखादा इलेक्ट्रॉन
जागेवरून उठतो,
आणि जिथून उठला तिथे
रिकामपण राहतं.
पुस्तकात त्याला होल म्हणतात.
भोकच की, अब्बा.
बहुतेक वेळा तो परत तिथेच जाऊन पडतो,
नुसती ऊब उरते, उजेड वाया जातो.
परतायच्या आत पाण्यानं त्याला गाठलं
तरच हायड्रोजन.

त्या भोकाची भूक भागवायला सगळे काहीतरी घालतात.
मी घालते स्पिरिट, कारखान्याच्या मळीतून निघालेलं;
ते झिजतं, म्हणून आकडे बरे येतात.
सर म्हणतात, ही उसनवारी झाली.
नुसत्या पाण्यावर चालव, मग बोलू.

मार्चमध्ये नुसत्या पाण्यावर
आलेखात ऑक्सिजनचा सुळका आला.
म्हणजे पाणी दोन्हीकडून फुटलं!
रात्रभर झोप नाही.
सकाळी नीट पाहिलं, तर त्याच्या शेजारी
नायट्रोजनचा अख्खा जोतिबाचा डोंगर.
ती बाहेरची हवा होती.
कुठूनतरी आत येत होती.

अब्बा डबा द्यायला आले, तेव्हा मी
नटबोल्ट आवळून रडकुंडीला आलेले.
त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या,
मशिदीत काढतात तशा.
काचेच्या भांड्याभोवती एकदा फिरले.
"आत दाब किती हाय?
साबण आण."
बोटानं फेस लावत गेले झाकणाच्या कडेकडेनं
आणि थांबले.
मीही थांबले.
आधी मला दिसला.
एक बुडबुडा, मोहरीएवढा,
रबरी कड्याच्या जोडावर.
खिशातून ट्यूबचा तुकडा निघाला,
कात्रीनं गोल कापून बसवला.
त्यांनी विचारलं नाही हे कशासाठी.
मी सांगितलं, पाण्यातून जळण काढायचंय, उन्हावर.
"मग गाडीला हवा लागंल का नाही?"
लागेल, अब्बा. चाकांत लागेलच.
"मग झालं तर."

त्या दिवशी डोंगर गेला.
सुळकाही गेला.
उरला हायड्रोजन: रेघेवर
मुंगीनं पाठ उचलावी तेवढा.
त्यावर काडीसुद्धा पेटणार नाही,
पण तो बाहेरून आलेला नव्हता.

आणि तोही किंचित कमी आला, असं मला वाटतं.
दिव्यासमोरच्या काचेवर
अंगठ्याचा एक काळा ठसा होता,
तेवढा उजेड अडत होता.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
खिडकी अस्वच्छ.
पुसायचं फडकं हातात होतं.
पुढचा प्रयोग सोमवारी.