सांधे

मोंतेमोरच्या शाळेतली फरशी माझी,
दवाखान्याच्या जिन्यातली माझी,
पोस्टाच्या दारातली ती एक वाकडी, तीही माझीच.
त्या सकाळी लुर्देशला कळा सुरू झाल्या होत्या
आणि पाणसळीतला बुडबुडा मला दोन दिसत होते.

चाळीस वर्षं गुडघ्यांवर काढली.
आता समोर ही काचेची पेटी, तीन फूट बाय दीड.
एवढी लहान जमीन मी कधी घातली नव्हती.
एवढा वेळही कधी लावला नव्हता.

झुल्मीरा मार्चमध्ये लक्झेंबर्गला गेली,
तिथल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात.
बाबा, हिला सांभाळ, ऑगस्टमध्ये येते.
ही म्हणजे पिमेंता. अंगभर मिरीएवढे ठिपके,
गाजरासारखी जाड शेपूट,
आणि डोळ्यांना पापण्या, खऱ्याखुऱ्या.
माझ्याकडे बघून मिटते, म्हाताऱ्या कारकुनासारखी.

पेटीत लाल वाळू होती, दुकानातली,
पिशवीवर उंट.
अळीवर झेप घेताना ती दर वेळी
थोडं वाळवंटही गिळायची.
नऊ दिवस जेवली नाही.
माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली,
पेटीतली मात्र गप्प.
एव्होराच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.
पायाखालची वाळू सरकते म्हणतात.
हिची पोटात जाऊन बसली होती.

कोमट पाण्याच्या आंघोळी, औषधाचे थेंब,
तीन आठवडे खाली साधा टिपकागद.
मग मी विचार करायला बसलो.

हिरवा गालिचा? धाग्याच्या फासात नख अडकतं,
आणि गालिचा ही तशीही
खालची जमीन झाकायची सोय.
व्हिनाइल? दिव्याच्या उष्णतेनं गोंद वास सोडतो.
भुसा नको, अक्रोडाची टरफलं नकोत.
झिलईची फरशी नको, पाय सुटतो.
माळ्यावर अकरा फरश्या होत्या,
आमच्या स्वयंपाकघरातून उरलेल्या, भाजक्या मातीच्या.
त्या नुसत्या पाण्यानं घासल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या.
सिमेंट नाही, भरणी नाही.
जन्मभर मी सांधे भरले,
इथे सांधाच दिसू नये इतकं जवळ कापायचं होतं.
दिव्याखालच्या फरशीवर आधी मनगट ठेवलं, मग थर्मामीटर:
बत्तीस. चूक माझीच निघाली, मनगट तीस म्हणालं होतं.

लपायला तीन जागा हव्यात, बाई म्हणाल्या.
ऊबेकडे अर्धी कुंडी,
तिची फुटकी कड कानसेनं गोल केली.
दगडांची गुहा रचणार होतो,
पण पाल खालून उकरते, आणि दगडाला दया नसते.
गारव्याकडे बुचाच्या झाडाची साल:
आन्सेल्मो घेऊन आला, दारातच म्हणाला,
पालीला घर? तुझ्या मेव्हण्याला नाहीये.
सालीवर पांढऱ्या रंगातला सात अजून दिसत होता,
झाड सोललं त्या वर्षाचा.
ती उकळली, वाळवली, आत बोट फिरवून पाहिलं.
तिसरी, ओलाव्याची: चीजचा रिकामा डबा,
दाराएवढं भोक, आत भिजलेलं शेवाळ.
कात टाकताना ती तिथे जाईल.
नंतर पायांची बोटं बघायची, सगळी,
कुठे जुनी कातडी दोऱ्यासारखी आवळून राहिली का.

पिमेंतानं तिन्ही जागा हुंगल्या, चाटल्या,
आणि झोपली मागच्या कोपऱ्यात,
जिथे माझं माप अर्धं बोट चुकलं होतं,
फरशी आणि काचेच्या फटीला पाठ लावून.

ऑगस्टमध्ये फोन आला. सुट्टी मिळत नाही.
नाताळला बघू.
दाखव ना, म्हणाली.
मी टेबलाचा कोपरा धरून गुडघ्यांवर उतरलो,
दोन्ही कुरकुरले, तिला ऐकू गेलं असावं.
फोन काचेला लावला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
बाबा, मागची एक फरशी वाकडी बसली आहे.

माहीत आहे, म्हटलं.
राहू दे.