लगक्रम

चारकोपच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर
शाल्मलीची वही. वृत्त ओळखा, गुण तीन.
पेन्सिलीने ती अक्षरांच्या डोक्यावर
चंद्रकोरी आणि आडव्या रेघा ठेवत जाते,
यमाताराजभानसलगा पुटपुटत,
आणि माझं बोट आपोआप
आमटीच्या वाटीवर वाजू लागतं.

एकोणीस वर्षं फोर्टच्या तार ऑफिसात
मी हेच केलं. कड, कट्ट.
लघु म्हणजे टिंब, गुरू म्हणजे रेघ,
आठ गण, आठ इंग्रजी अक्षरं.
न म्हणजे एस. म म्हणजे ओ.
न, म, न : तुम्ही नमन म्हणता,
आमच्याकडे जहाज बुडत असतं.
"आजोबा, हे परीक्षेला नाही."

आणखी एक उदाहरण हवं होतं तिला.
बिस्किटांच्या डब्यातून मी तारेचा कागद काढला,
जबलपूरहून मीच केलेली : सुखरूप पोचलो.
मागच्या बाजूला शरयूच्या अक्षरात एकच ओळ :

तार आली तुझी वाचली मी पुन्हा

"न्हा जोडाक्षर, म्हणून पु गुरू."
मोठ्यानं म्हण, म्हटलं. बसतो का पु वर धक्का?
"नाही. पण पुस्तकात..."
पुस्तकाला कान नसतात. लघु.
"मग र र र र. स्रग्विणी."
आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

र म्हणजे के. रेघ, टिंब, रेघ.
निरोप संपला की एकदाच देतात :
माझं झालं, आता तू.
बोल ना. मोजून पाहा, तोही र च.
चार वेळा कुणी देत नाही.

शरयूला मोर्स येत नव्हता.
योगायोगच असणार.
मी पन्नास वर्षं त्या ओळीला
नुसती पोच समजत होतो.

"यमक कुठंय? दुसरी ओळ?"
नाही.
"पुन्हा, गुन्हा," ती लगेच सुचवते,
आणि मी वाटी पुसून ठेवतो.

ती झोपल्यावर पुन्हा काढली.
लघु, गुरू, लघु. ज गण. आर.
मिळाल्याची खूण.
'मिळाली' त्या मापात बसत नाही, शेवटी लांबते.
'कबूल' बसतो.
टिंब, रेघ, टिंब. हळू,
पोरगी जागी होऊ नये इतपत.