संयुक्तपणे आणि पृथकपणे

करार अकरा महिन्यांचा.
तिस्कावरच्या नोटरीनं चष्मा कपाळावर ढकलून
मोठ्यानं वाचला होता:
भाडेकरू क्रमांक एक, श्री. अनिश कुंकळ्येकर,
भाडेकरू क्रमांक दोन, सौ.
तिथे तो थांबला. आमच्याकडे पाहिलं.
आम्ही एकदमच मान हलवली.
क्लेतूबाब फक्त कुटुंबाला घर देत होते.
एका अक्षरात आमचं लग्न लागलं.
साक्षीदार दोन: नोटरीचा कारकून
आणि खाली झेरॉक्स काढणारा मुलगा.

सातव्या महिन्यात अनिश गेला.
भांडण असं झालं नाही,
भांडायचं ते आम्ही गणपतीच्या आधीच संपवलं होतं.
लॅपटॉप नेला, इस्त्री नेली,
गॅसचं पुस्तक राहिलं फ्रिजवर, त्याच्या नावाचं.
रात्री क्लेतूबाबना मेसेज पाठवला:
आम्ही महिनाअखेर घर सोडतो.
आम्ही.
इतक्या दिवसांनी हा शब्द त्याच्या हातून आला,
तो असा.

क्लेतूबाब आले, चपला बाहेर काढून.
खडपाबांधचं ते तीन खोल्यांचं घर
पहिल्यांदाच पाहावं तसे फिरले,
नळ सोडून बंद केला.
"रावपाचें आसल्यार घोवाची सही हाड.
ना जाल्यार डायव्होर्साचो कागद."
जे लागलंच नाही ते मोडल्याचा दाखला
कुठल्या खिडकीवर मिळतो, बाब?
हे मी मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, चहा घ्या.

कपाटातून करार काढला. कलम नऊ.
भाड्यास दोघेही संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार.
म्हणजे अर्धं अर्धं नव्हे हो बाई, नोटरी म्हणाला,
म्हणजे सगळं त्याच्याकडून मागता येतं,
आणि सगळं तुमच्याकडूनही.
असं वचन अनिशनं मला कधी दिलं नव्हतं.
दिलं होतं, पण क्लेतूबाबना,
पाचशेच्या स्टॅम्पवर.

कुलूप बदलू का, मी विचारलं.
बदलू नका. कागदावर नाव आहे तोवर
त्याचाही दरवाजा आहे तो.
म्हणून रात्री कडी, कडीला लागून खुर्ची,
खुर्चीवर स्टीलचा डबा, डब्यात चार चमचे.
त्याची भीती नाही मला. कधीच नव्हती.
पण त्याची चावी मडगावात कुठल्यातरी खिशात
सुट्ट्या पैशांबरोबर वाजते आहे
आणि माझी झोप तिला ओळखते.

आई म्हणते, शिरोड्याला ये, खोली रिकामीच आहे.
आईला मी आजोबांची आठवण करून दिली.
मुंडकार माणूस. भिंती स्वतः थापलेल्या,
जमीन भाटकाराची, माड भाटकाराचे, सावलीसुद्धा.
घर मोड म्हणून निरोप आला
तेव्हा ते उंबऱ्यावर जाऊन बसले,
तीन दिवस, सुपारी कातरत.
कायदा नंतर आला.
आजोबा आधी बसले होते.
आई म्हणाली, ते घर होतं, हा फ्लॅट आहे.
बरोबरच आहे तिचं.
फोन ठेवून मी बाल्कनीतले कपडे आत घेतले,
एकटीचे कपडे किती लवकर वाळतात.

पाच तारखेला पूर्ण भाडं भरलं. अठरा हजार.
पगारात उरलं ते सांगण्यासारखं नाही.
महिनाअखेरीनंतरचं भाडं आहे हे,
क्लेतूबाबना समजलं, ते काही बोलले नाहीत.
मी म्हटलं, पावती हवी.
बँकेंत दिसता न्हू, ते म्हणाले.
तरीही हवी. हातानं लिहिलेली.

त्यांनी गाडीच्या सीटवर वही ठेवली,
पेन झटकलं, आणि नोटरीसारखेच थांबले.
"मिसेस बरोवं?"
नको. नुसतं नाव.
त्यांचं पेन तरीही हलेना.
सात महिने शेजारच्या जिन्यानं येतं-जातं माणूस,
दर महिन्याला हिशेब, पाण्याच्या टाकीवरून वाद,
नाताळाची दोदोल.
माझं नाव त्यांना येत नव्हतं.

सुलक्षा, मी म्हटलं.
आणि एकेक अक्षर सांगत राहिले,
ते लिहीत राहिले,
मध्ये एकदा खोडून.