कूलर बंद करून

पावणेअकराला ओवी कूलरचं बटण दाबते.
हीच आमची घंटा.
पंखा घरघरत थांबतो, वाळ्याच्या ताट्यांतून
पाणी थोडा वेळ ठिबकतं, मग तेही नाही,
आणि मानेवाड्याच्या या दोन खोल्यांत
बाहेरचे चव्वेचाळीस अंश
चपला न काढता आत येतात.

कूलर चालू असला की माझा आवाज
पोरांना विमानातून आल्यासारखा ऐकू येतो म्हणे.
म्हणून चाळीस मिनिटं, घामात,
सातवी ब. नद्या.
मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवलेला,
जरा तिरपा, मागची दोरी दिसू नये असा.

देवयानी खोब्रागडे. हजर मॅडम.
मोईन. हजर.
पायल उईके.
पायलचा चौकोन काळा,
पण त्यातून कुकरची शिट्टी झाली, ती हजेरी धरली.
निकेश नंदेश्वर.
निकेश नंदेश्वर.

निकेशचा मोबाईल बापाच्या खिशात
पहाटे तीनलाच कळमन्याला गेलेला असतो,
कांद्याची पोती उतरवायला.
रात्री साडेअकराला उत्तर येतं:
"मॅडम, कन्हान वैनगंगेला मिळते."
सकाळच्या प्रश्नाचं. कुजबुजत, घरचे झोपलेत म्हणून.
मी मोरीपाशी, हातात घासणी,
"बरोबर" म्हणून पाठवते. मीही कुजबुजतच.

कूलर बंद असला की जे ऐकू येतं
ते माझ्या अभ्यासक्रमात नाही.
भिंतीपलीकडे बावणेकाकूंचा खोकला.
रिंगरोडवरून मेडिकलकडे वळणारा भोंगा,
मग दुसरा.
ओवी पलंगावर बसून बोटांवर मोजते.
तिला आता एकवीसपर्यंत येतं.

ओवी पहिलीत आहे. म्हणजे फी भरली आहे.
तिचा वर्ग माझ्यानंतर, याच मोबाईलवर,
उरलेल्या बॅटरीवर.
तिच्या बाई तिनं कपाळापासून हनुवटीपर्यंतच पाहिल्यात.
परवा मी वर्धेच्या उगमापाशी होते
आणि ती मध्येच, मोठ्यानं:
"आई, शाळेला वास असतो का?"

आवाज बंद करायचा राहून गेला होता.
एकतीस चौकोन गप्प.
मग एक उघडला: "असते ना! खिचडीचा."
"फळा पुसल्याचा."
"मॅडम, मुतारीचा," हे कोण म्हणालं
ते मला नीट माहीत आहे, मी विचारलं नाही.
आणि पायल, महिन्यात पहिल्यांदा, कुकरशिवाय:
"दप्तरात विसरलेल्या संत्र्याचा."
वर्धा नदी त्या दिवशी उगमातच राहिली.

शनिवारी तांदूळवाटप.
व्हरांड्यात चुन्याचे गोल, गोलांत पालक,
पालकांच्या हातात पिशव्या. मी वजनकाट्यावर,
चष्म्यावर माझाच श्वास.
निकेशचे वडील आले. अंगठ्याला शाई लावताना
मास्कच्या आतूनच हसले बहुतेक:
"तुमी रातच्याले बरोबर म्हन्ता न मॅडम,
थे मी बी आयकतो. झोपलो नसतो."
मी पुढच्या पालकाचं नाव घेतलं.
दुसरं काय करता आलं असतं, अजून सुचलेलं नाही.

निघताना सातवी बचं कुलूप काढलं.
फळ्यावर गेल्या मार्चमधली तारीख
आणि खाली, माझ्याच अक्षरात, "उद्या वही आणणे".
मी काही पुसलं नाही.
डस्टर मात्र पर्समध्ये टाकलं, चोरी म्हणा हवं तर.

घरी आल्यावर ओवीपुढे धरलं.
तिनं नाक खुपसलं
आणि शिंकली.

त्या दिवसांतली शिंक.
आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो,
मी मनात दिवस मोजू लागले, कुठे गेलो, कोण आलं,
थर्मामीटर कुठल्या कप्प्यात,
आणि तिच्या नाकावर पांढरा ठिपका.

तिनं पुन्हा हुंगलं, सावकाश,
भाजीवाल्याकडचा आंबा हुंगतात तसं.
म्हणाली, "संत्र्याचा नाही येत."
मग पलंगावरून उतरली
आणि माझी परवानगी न घेता
कूलर लावला.