वारा कापणारा बंब

बाबांनी पहिल्यांदा डब्ल्यूपी पाहिलं
तेव्हा इंजिन पाहिलंच नाही.
पाहिली एक आडवी घागर,
बूड पुढे करून नाशिकरोडला शिरणारी,
आणि बुडाच्या मधोमध पत्र्याचा तारा.
"हे ठोकलंय कुणी?" त्यांनी विचारलं.
"एवढा पत्रा, आणि सुरकुती नाही?"

यादव खैरनार फायरमन. तांबट आळीतच वाढलेला,
हातोडीला कंटाळून फावड्याकडे गेलेला.
तो काजळीतून हसला.
"नरहर, तिकडे विलायतेत तर
सबंध इंजिनच झगा घालायचं,
नाकापासून चाकापर्यंत. ताशी दोनशे किलोमीटर!
माझा ड्रायव्हर सांगतो."

इगतपुरीला विजेचं इंजिन सुटे, हे लागे.
रोडला सात मिनिटं पाणी पीत उभं राही.
त्या सात मिनिटांत, आठवड्याला एक तुकडा,
बाबांनी सगळा इतिहास ऐकला:
जर्मनांची आणि इंग्रजांची कशी लागली चुरस,
उतारावर एक निळं इंजिन कसं सुटलं,
वाफेवर कुणीच धावलं नव्हतं तेवढं धावलं
आणि बेअरिंग तापून, जळक्या वासात, थांबलं.
मग लढाई आली. फिटर वैतागले.
तेल घालायला हात शिरेना,
एक नट आवळायचा तर अर्धा झगा सोडवा.
पत्रे उचकटले, ते बहुतेक परत चढलेच नाहीत.

"म्हणजे हे नाक," बाबा म्हणाले,
"वरात संपल्यावर राहिलेलं बाशिंग."
"तेच. आणि दर दोन कोसांवर थांबतो आम्ही.
वारा कसला कापतंय?
कापतं ते मला."

तरी बाबा सायकल हाणत जात राहिले.

मग खांब आले.
लहवित, देवळाली, रोड,
पंगतीला बसावेत तसे, एकाला एक लागून.
खैरनार मनमाडच्या शेडला गेला, तिथून घरी.
जाताना आमच्या दुकानात एक पोतं टाकलं:
तांब्याच्या वाकड्या नळ्या, आतून क्षारानं पांढऱ्या.
"लिलावातल्या आहेत, पावती आहे,"
असं दोनदा म्हणाला.

बाबांनी ताव दिला, नळ्या चिरल्या, सपाट केल्या.
पुरेना म्हणून घरातली परात घातली,
हे आईला चार दिवसांनी कळलं.
मी नऊ वर्षांची, भाता माझ्याकडे.
आळीत सगळीकडे घागरींचा गोल ठोका,
आमचा तेवढा लांबट.
एका रात्री मला डुलकी लागली, आच पडली,
आणि हातोडी गार तांब्यावर बसली.
बाबा काही बोलले नाहीत. पोच राहिली.

झाला तो बंबच. जाळी, नळा, तोटी, राखेचं दार.
पण झाकण गोळीसारखं टोकदार, त्यावर तारा;
न्हाणीत उभा राहिला की वाटे
कौलं फोडून निघेल आता.
आई म्हणाली, "आणि गडू ठेवायचा कुठे?"
खरंच, घसरायचा.
तीस वर्षं आमचा गडू जमिनीवर राहिला.

पहाटे पाच. निखारे लाल. तोटीतून बारीक फुरफुर.
बाबा पंचा लावून समोर उभे,
मनगटावर नसलेलं घड्याळ बघत:
"सात मिनिटं."
वेग, शून्य मैल.

गॅसचा गीझर आला तेव्हा बंब मीच विकला. भाव बरा आला.
परवा गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत
भाच्याच्या साखरपुड्याला गेले तर तो दारातच,
लाख चढवून चकचकीत, निखाऱ्यांच्या जागी पिवळा दिवा.
गणवेशातला मुलगा पाहुण्यांना सांगत होता,
जुन्या काळी यात धान्य ठेवायचे.
मी अंगठ्यानं पोच शोधली. होती.

मग हातातला सरबताचा ग्लास
त्या टोकावर ठेवून पाहिला.
मुलानं धावत येऊन झेलला.